अस्सी ते राजघाट : काशीचे घाट पायी कसे पाहावेत

काशीला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी घाट होडीतून पाहतात. संध्याकाळी दशाश्वमेधची आरती, त्याआधी तासाभराची फेरी, दुसऱ्या दिवशी विश्वनाथाचं दर्शन आणि परतीची गाडी. होडीतून इमारतींची रांग छान दिसते, पण घाट म्हणजे नुसती रांग नव्हे. प्रत्येक घाटाला मागे गल्ली आहे, वर वाडा किंवा मठ आहे, भिंतीवर पुराची खूण आहे, आणि तिथे रोज येणारी ठरलेली माणसं आहेत. शिवाय मराठी माणसाने सर्वांत सावकाश पाहावा असा तुकडा मणिकर्णिकेपासून ब्रह्मा घाटापर्यंतचा आहे, आणि नेमका तोच होडीवाले भर्रकन ओलांडतात किंवा तिथवर जातच नाहीत.

दक्षिणेला अस्सी, उत्तरेला राजघाट, मध्ये साधारण साडेसहा किलोमीटरचा दगडी काठ. घाट ८४ आहेत असं सांगायची पद्धत आहे. न थांबता चाललं तर दोन तास पुरतात, पाहत पाहत पाच-सहा तास लागतात. एकाच दिवशी सगळं उरकण्यापेक्षा दोन भाग करणं केव्हाही चांगलं: एका सकाळी अस्सी ते मानमंदिर, दुसऱ्या दिवशी मानमंदिर ते राजघाट.

आधी नदी काय म्हणते ते पाहा

पायी चालता येईल की नाही हे गंगेच्या पाण्यावर ठरतं. पावसाळ्यात, साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरीपर्यंत, घाटांना जोडणारी खालची वाट पाण्याखाली जाते. राजघाटच्या मोजपट्टीवर इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. पण वाट बंद व्हायला इशारा पातळीही गाठावी लागत नाही, त्याच्या कित्येक मीटर आधीच घाटांचा एकमेकांशी संबंध तुटतो. या दिवसांत आरती छतांवर होते, होड्या बंद ठेवतात, आणि एका घाटावरून दुसऱ्यावर जायला वर गल्लीत चढून, वळसा घालून पुन्हा उतरावं लागतं. स्थानिक हिंदी वर्तमानपत्रांत रोजची पातळी छापून येते, ती आदल्या दिवशी पाहून घ्या.

पाणी ओसरलं म्हणजे लगेच चालता येतं असंही नाही. पूर मागे गाळाचा थर सोडून जातो, तो पंपाच्या पाण्याने धुवून काढायचं काम ऑक्टोबरभर चालतं. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत ओला असतो आणि पाय घोट्यापर्यंत रुततो. कडेने माणसं जिथून जातात तिथूनच जा, मोकळी सपाट जागा दिसली म्हणून आत शिरू नका. दर वर्षी आधी दशाश्वमेध आणि अस्सीच्या आसपास सफाई होते, उत्तरेकडच्या घाटांचा नंबर शेवटी लागतो. त्यामुळे पूर्ण चाल करायची तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा.

डिसेंबर-जानेवारीत धुकं हा वेगळा त्रास आहे. सूर्योदय पाहायला पहाटे उठून गेलेल्यांना नऊ वाजेपर्यंत समोरचा काठसुद्धा दिसत नाही, आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. परतीच्या प्रवासाला त्या महिन्यांत एक दिवस मोकळा ठेवा. एप्रिलच्या मध्यानंतर दुपारी दगड तापतो, मे-जूनमध्ये लू वाहते. तेव्हा सकाळी नऊच्या आत चाल संपवावी.

दिशा आणि वेळ

गंगा एरवी पूर्वेकडे वाहते, काशीपाशी मात्र ती उत्तरेकडे वळते. सगळे घाट पश्चिम काठावर आहेत आणि त्यांची तोंडं पूर्वेला. त्याचं कारण जमिनीत आहे. या बाजूला चुनखडीच्या गाठी असलेल्या घट्ट मातीचा उंच कणा आहे, तिकडे त्याला कंकर म्हणतात, आणि तो नदीला सहजी कापता येत नाही. समोरचा काठ सखल वाळूचा, दर पावसाळ्यात बुडणारा, म्हणून तिथे शहर उभं राहिलं नाही.

चालणाऱ्याच्या दृष्टीने याचे दोन परिणाम आहेत. सकाळी ऊन थेट घाटांवर पडतं: फोटोला उत्तम, डोळ्याला आणि डोक्याला जड. दुपारी तीननंतर मागच्या उंच इमारतींची सावली पायऱ्यांवर उतरते आणि चालणं सुखाचं होतं. म्हणून दक्षिणेचा भाग पहाटे करावा आणि उत्तरेचा दुपारी तीनला सुरू करावा.

आणखी एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या लोकांच्या लक्षात येत नाही. काशी मुंबईपेक्षा सुमारे दहा अंश पूर्वेला आहे, म्हणजे घड्याळ तेच, पण सूर्य चाळीसेक मिनिटं आधी. जूनमध्ये पाच-सव्वापाचला उजाडतं, डिसेंबर अखेरीला पावणेसातच्या सुमारास. थंडीत संध्याकाळी सव्वापाचला दिवस मावळतो, तेव्हा उत्तरेकडचे निर्जन घाट पाचच्या आत संपवायचे. त्या दिवसांत दुपारी तीनऐवजी एकला निघा.

दक्षिणेकडून उत्तरेकडे चालताना नदी कायम उजव्या हाताला राहते. एवढं लक्षात ठेवलं की नकाशा लागत नाही. गल्लीत हरवलात तर उताराकडे चला, उतार बहुधा गंगेवर आणतो. उलट, घाटावरून बाहेर पडायचं असेल तर चढाकडे जा. दक्षिण भागात चढून गेल्यावर अस्सी–भदैनी–शिवाला–सोनारपुरा–मदनपुरा–गोदौलिया हा रस्ता मिळतो, उत्तर भागात गोदौलिया–चौक–मैदागिन–मच्छोदरी–राजघाट. दोन्ही नदीला समांतर आहेत आणि दोन्हीवर ई-रिक्षा मिळते. फोनवरचा नकाशा गल्ल्यांत भरवशाचा नाही. उंच भिंतींमध्ये जागेचा ठिपका दोन गल्ल्या पलीकडे दाखवतो.

पायात आणि पिशवीत

घाटांचा दगड बहुतेक चुनारचा वालुकाश्म आहे, नदीच्या वरच्या अंगाने होड्यांतून आणलेला. शतकानुशतकं पाय घासून तो गुळगुळीत झालाय. कोरडा असताना काही नाही, पण ओला झाला की घसरतो. पाण्यालगतच्या शेवटच्या पाच-सहा पायऱ्यांवर शेवाळ असतंच. मागे पट्टा असलेली, खोल खाचांच्या तळव्याची सँडल सर्वांत सोयीची: देवळात काढता येते, पाणी लागलं तरी चालतं. साधी चप्पल घसरते, आणि बुटांच्या नाड्या सोडता-बांधता जीव मेटाकुटीला येतो.

पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, काही ठिकाणी गुडघ्याएवढ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी प्रत्येक घाट चढू-उतरू नये. खालून जाणारी जी सपाट वाट आहे ती धरावी आणि चढायचं ते फक्त मानमंदिर, शिंदे घाट आणि पंचगंगा इथे.

पाण्याची एक लिटरची बाटली, टोपी, सुटे पैसे, एक पिशवी चपलांसाठी, हिवाळ्यात स्वेटरवरून मफलर. चष्मा असेल तर माकडांपासून जपा. हातात उघडी पिशवी किंवा प्रसादाचा दोना घेऊन देवळांच्या गच्चीखालून जाऊ नका. संक्रांतीच्या आधी पतंगांचा मांजा गळ्याच्या उंचीवर आडवा आलेला असतो, तो उन्हात दिसत नाही. स्वच्छतागृहं अस्सी, दशाश्वमेध परिसर आणि उत्तर टोकाचा नमो घाट इथे आहेत. मधल्या पल्ल्यात भरवसा धरू नये.

पाण्यात उतरायचं असेल तर साखळी किंवा लोखंडी कठडा असलेल्या घाटावरच उतरा. हा नदीच्या वळणाचा बाहेरचा काठ, इथे प्रवाह जोरात आणि पाणी खोल. पायऱ्या पाण्याखालीही जातात, पण त्या कुठे तुटल्या आहेत हे वरून कळत नाही. दोन पायऱ्या खाली पाय टेकतो, तिसरीच्या जागी काहीच नसतं.

अस्सी ते केदार

अस्सीला उजाडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. ई-रिक्षा घाटाच्या डोक्यापर्यंत येते. पहाटे इथे आरती आणि त्यानंतर शास्त्रीय गायन-वादनाचा कार्यक्रम होतो. दशाश्वमेधच्या मानाने गर्दी कमी आणि बसायला जागा भरपूर. अस्सी नदी म्हणून जिचं नाव आहे तिचा आता नाला झालाय आणि तिचं तोंड दक्षिणेकडे वळवलंय. संगम शोधत फिरू नका.

पुढचा तुलसी घाट. तुलसीदासांनी अखेरचे दिवस इथे काढले, १६२३ साली इथेच देह ठेवला. सकाळी लवकर वर चढलात तर आखाड्यात कसरत चाललेली दिसते. याच घाटाच्या मागे लोलार्क कुंड आहे, बरंच खोल पायऱ्यांचं, सूर्याचं तीर्थ. भाद्रपद शुद्ध षष्ठीला तिथे संततीसाठी स्नान करणाऱ्यांची झुंबड उडते, त्या दिवशी हा भाग टाळावा. भदैनीच्याच वस्तीत, रस्त्याच्या बाजूला, राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान-स्मारक आहे. त्यांचे वडील मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या पदरी काशीत होते. घाटावरून वर जाऊन यायला वीसेक मिनिटं धरा, लोकांना ‘रानी लक्ष्मीबाई जन्मस्थली’ असं विचारा.

नदीत उभा असलेला पाणीपुरवठ्याचा जाडजूड गोल बुरूज ओलांडला की थोड्या अंतराने चेतसिंह घाटाचा किल्ला येतो. ऑगस्ट १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला इथे नजरकैदेत टाकलं, आणि लोक उठल्यावर राजा नदीकडच्या खिडकीतून निसटला. पगड्या एकमेकींना बांधून दोर केला होता असं सांगतात. भिंतीच्या पायाशी उभं राहून वर पाहा: खालचा भाग भरीव, बुरूज गोल, खिडक्या फार वर. काठावरच्या बहुतेक जुन्या वाड्यांची रचना अशीच आहे. खालचे दोन मजले पुराला सोडलेले असतात, गोल बुरुजावरून पाणी कडेने घसरून जातं. एकदा हे नजरेत बसलं की पुढच्या प्रत्येक इमारतीत ते शोधता येतं.

हरिश्चंद्र घाट स्मशान आहे. इथे कॅमेरा खाली, आवाज खाली, आणि थांबायचं नाही. वाट चितांच्या बाजूनेच जाते. ते नको वाटत असेल तर आधीच्या घाटावरूनच वर गल्लीत चढून केदार घाटाला उतरावं. केदार घाट लाल-पांढऱ्या पट्ट्यांमुळे लांबूनच ओळखू येतो. आसपास दक्षिणी आणि बंगाली वस्ती असल्याने इथे इडली-डोसाही मिळतो. अस्सीपासून इथवर रमतगमत दीड तास होतो, पहिली विश्रांती इथे घ्या.

नावांचा घोळ

पुढे जाण्याआधी हे नीट वाचा, कारण वाट चुकण्याचं मुख्य कारण हेच आहे. ‘राजा घाट’ आणि ‘राजघाट’ हे दोन वेगळे घाट आहेत. राजा घाट केदारच्या थोडा पुढे, राजघाट पार उत्तरेला पुलापाशी, मध्ये चार किलोमीटर. रिक्षावाल्याला घाईत सांगितलंत तर तो राजघाटच समजतो. शीतला घाट दोन आहेत: एक दशाश्वमेधला खेटून, दुसरा ब्रह्मा घाटाच्या पुढे. गंगा महाल नावाचेही दोन, एक अस्सीशेजारी, दुसरा शिंदे घाटाजवळ. आपण ज्याला शिंदे घाट म्हणतो त्याची पाटी ‘सिंधिया घाट’ अशी असते, आणि ग्वाल्हेरच्या नावाचा घाट त्याहून वेगळा आहे. विचारताना शेजारच्या घाटाचं नावही जोडून सांगावं.

केदार ते मानमंदिर

राजा घाट बांधून घेतला तो अमृतराव पेशव्यांनी. राघोबादादांचा हा दत्तक मुलगा, दुसऱ्या बाजीरावाचा भाऊ. पुण्यातलं राजकारण संपल्यावर ते इंग्रजांची नेमणूक घेऊन काशीत राहिले. पुढे पांडे घाटाच्या आसपास धोबी पायऱ्यांवर कपडे वाळत घालतात. चादरींवरून उडी मारत जाऊ नका, कडेने वाट असते. मग राणा महाल, दरभंगा आणि मुन्शी घाट येतात. मुन्शी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी. उंच खांबांचा तो राजवाडा पुढे दरभंग्याच्या राजाने घेतला, आता तिथे महागडं हॉटेल आहे. त्याला लागून अहिल्याबाई घाट, तिथे होळकरांचा वाडा.

दशाश्वमेधला पोहोचेपर्यंत माणसांचा लोंढा वाढलेला असतो. इथले पक्के बांधकाम अठराव्या शतकात पेशव्यांनी केलं. आरती थंडीत सहाच्या आणि उन्हाळ्यात सातच्या सुमारास सुरू होते. पायऱ्यांवर जागा हवी तर तासभर आधी बसावं लागतं. आरतीसाठी दशाश्वमेधला यायचं आणि चालण्यासाठी म्हणून सकाळी यायचं, या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत बसवू नयेत. संध्याकाळी इथे चालता येत नाही, फक्त ढकललं जातं.

फसवणुकीचे प्रकारही इथेच जास्त. हात पुढे करून ‘नमस्ते’ म्हणणारा हात दाबायला लागला की तो मालिशवाला, पाच मिनिटांनी तो पैसे मागणार. कपाळाला टिळा लावणारा, दोन्यातला दिवा हातात ठेवणारा, ‘सिर्फ देखने का’ म्हणत साड्यांच्या दुकानात नेणारा, सगळ्यांवर उपाय एकच: चाल न थांबवता मान हलवून ‘नहीं भैया’. थांबून कारण सांगायला लागलात की बोलणं वाढतं. होडी करायची असेल तर वेळ, कुठून कुठवर, आणि पैसे माणशी की पूर्ण होडीचे, हे तीनही चढण्याआधी ठरवा. वाद बहुतेक वेळा तिसऱ्या मुद्द्यावरून होतो.

मानमंदिर घाटावरचा वाडा मात्र चुकवू नका. आमेरच्या मानसिंहाने सन १६०० च्या सुमारास बांधलेला हा वाडा, आणि त्याच्या गच्चीवर अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने उभारलेली वेधशाळा. तिकीट काढून वर गेलात की सम्राट यंत्र, चक्र यंत्र अशी यंत्रं आहेत. सावलीवरून वेळ वाचायची तर लख्ख ऊन हवं, म्हणून सकाळी नऊ-दहाची वेळ योग्य. नदीकडचा कोरीव दगडी सज्जा जुन्या बांधकामातला आहे, तो घाटावरूनच नीट दिसतो.

इथून गोदौलियाला बाहेर पडून नाश्ता करावा. कचोरी-भाजी आणि जिलेबी हा सकाळचा प्रकार, दहानंतर कढई थंडावते. थंडीत मलइयो मिळतो, केशरी दुधाचा फेस, मातीच्या कुल्हडात. तो सकाळीच संपतो, दुपारी कोणी देऊ केला तर घेऊ नये. घाटावर चालता चालता प्यायचा तर लिंबाचा चहा: काळं मीठ आणि मसाला घातलेला, दूध नाही. टमाटर चाट संध्याकाळची. गोदौलियापुढे घाटाच्या बाजूला वाहनं सोडत नाहीत, शेवटचा टप्पा पायीच आहे, ज्येष्ठांना घेऊन येणार असाल तर हे आधीच सांगून ठेवा.

ललिता आणि मणिकर्णिका

दुसरा भाग मानमंदिरपासून सुरू होतो. मीर घाट ओलांडला की ललिता घाटावर विश्वनाथ धामचं भव्य प्रवेशद्वार येतं. १३ डिसेंबर २०२१ ला हा परिसर खुला झाला. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधलं. नदीकडून सरळ मंदिरात जाता येतं, पण मोबाइल, कॅमेरा आत चालत नाही. लॉकरच्या रांगेतच अर्धा तास जातो, म्हणून दर्शन वेगळ्या वेळी ठेवावं. मात्र शेजारचं नेपाळी मंदिर पाहाच. बारीक कोरीव कामाचं लाकडी देऊळ, म्हणून लोक त्याला ‘काठवाला मंदिर’ म्हणतात.

मणिकर्णिकेच्या अलीकडे काठावर लाकडांच्या थप्प्या लागतात. इथे चिता रात्रंदिवस जळतात. फोटो काढायला मनाई आहे, आणि ही मनाई लोक स्वतः पाळायला लावतात. मोबाइल खिशात ठेवा, ‘कॅमेरा बंद आहे’ असं म्हणत हातात धरू नका. ‘वरून चांगलं दिसतं, चला’ म्हणणारा गच्चीत नेऊन गरिबांच्या लाकडासाठी दान मागतो, आणि आकडा हजारांत असतो. हा ठरलेला सापळा आहे. वरच्या गच्चीत जायचंच नाही. घाटावर पुनर्विकासाची कामं काढलेली आहेत, त्यामुळे खालची वाट अडवलेली असू शकते. तशी असेल तर मागच्या गल्लीतून जा. प्रेतयात्रा समोरून आली तर भिंतीला टेकून वाट द्या, त्या गल्लीत दोघांपुरतीच जागा असते.

शिंदे घाट ते ब्रह्मा घाट

इथून पुढे गर्दी एकदम ओसरते. शिंदे घाटाच्या पायाशी पाण्यात कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. कल साधारण ९ अंश सांगतात. वर्षातला बराच काळ गाभारा पाण्यात किंवा गाळात असतो, आत जाऊन दर्शन उन्हाळ्यातच शक्य होतं. ‘आईचं ऋण फेडल्याचा गर्व केला म्हणून देऊळ वाकलं’ ही कथा कोणीही सांगेल. खरं कारण पायाखालची माती खचणं. त्याचा पुरावा शेजारीच आहे: बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला हा घाट आपल्याच वजनाने खचला आणि पुढे विसाव्या शतकात नव्याने बांधावा लागला. नदी तळाची माती खाते आणि वर दगडाचं ओझं, यात घाट टिकतो तो भराव किती खोल घातला त्यावर.

वर चढून संकठा देवीच्या गल्लीत शिरा, पाच मिनिटं फिरा, आणि भोसले घाटावर उतरा. नागपूरकर भोसल्यांचा हा घाट अठराव्या शतकाच्या अखेरचा. नदीकडची भिंत उंच आणि जवळपास कोरी, वर लक्ष्मीनारायणाचं देऊळ. बांधणीतला करडेपणा चेतसिंहाच्या किल्ल्याशी जुळतो, रजपूत वाड्यांच्या नक्षीशी नाही. थोडं पुढे गणेश घाट, तिथलं गणपतीचं देऊळही अमृतरावांचं.

मग राम घाट आणि पंचगंगा. पूर्ण चालीतली सर्वांत उंच आणि दमवणारी चढण पंचगंगेची आहे, आणि ती चढावीच. वर आलमगीर मशीद आहे. औरंगजेबाच्या काळात बिंदुमाधवाचं जुनं देऊळ पाडून तिथे ती बांधली गेली. तिचे उंच मिनार आता नाहीत, पण जुने लोक त्या जागेला अजून ‘माधवराव का धरहरा’ म्हणतात. आजचं बिंदुमाधव मंदिर शेजारच्या गल्लीत, बाहेरून घरासारखं दिसणारं. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलं. पाटी लहान आहे, विचारत जा. दुपारी बारा ते चार बहुतेक लहान देवळं बंद असतात, म्हणून इथे चारनंतर पोहोचेल असा हिशेब ठेवा.

घाटावरचा दगडी दीपस्तंभ, एकेका दिव्यासाठी बाहेर काढलेले हात असलेला, अहिल्याबाईंचा म्हणून ओळखला जातो. कार्तिक पौर्णिमेला तो उजळतो. देवदिवाळीच्या आजच्या थाटाला सुरुवात याच घाटापासून झाली. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पुरी केली तीही काशीतच, शके १४९५ च्या कार्तिक पौर्णिमेला. देवदिवाळीच्या रात्री चालायची कल्पना मोहक वाटते, पण रस्ते दुपारीच बंद होतात आणि घाटांवर एकेरी लोंढा असतो. दीपस्तंभ पाहायचाच असेल तर दुपारी तीनला येऊन बसा आणि रात्री दहापर्यंत हलायचं नाही अशी तयारी ठेवा. कार्तिक महिन्यातल्या इतर संध्याकाळी वेताच्या टोपल्यांतले आकाशदिवे बांबूंवर चढवतात. तेव्हा गर्दी नसते आणि पाहायला तेच जास्त चांगलं.

पंचगंगेच्या पुढे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट ही काशीतली जुनी मराठी वस्ती. दुर्गा घाटावर नाना फडणविसांचा वाडा आहे. दारांवरच्या आडनावांच्या पाट्या वाचत चाला. गणेशोत्सव इथे पिढ्यान्‌पिढ्या होतो. लोकांच्या घरांसमोरून जात आहात हे भान असू द्या. मराठीत हाक मारलीत तर उत्तर मराठीत येण्याची शक्यता आहे, पण उठसूट दार ठोठावू नये. या तुकड्याला घाई न करता दोन तास द्या.

शेवटचा पल्ला

गाय घाटानंतर वाट रोडावते. त्रिलोचन घाटापुढे पायऱ्या तुटक, मध्ये नाल्याची तोंडं, आणि प्रवासी जवळजवळ नाहीत. उजेड कमी होत असेल तर गाय घाटावरूनच वर मच्छोदरीला निघून रिक्षा धरावी, यात काही गमावत नाही. वेळ असेल तर राजघाटपर्यंत अर्धा-पाऊण तास. समोर रेल्वेचा दुमजली पूल दिसतो, १८८७ चा, वरून वाहनं आणि खालून गाड्या.

पंचतीर्थी, म्हणजे पाच घाटांवर स्नान, करणाऱ्यांचा क्रम वेगळा आहे: अस्सी, दशाश्वमेध, आदिकेशव, मग परत फिरून पंचगंगा आणि शेवटी मणिकर्णिका. आदिकेशव पुलाच्याही पलीकडे, वरुणेच्या संगमावर आहे, राजघाटवरून आणखी अर्धा तास. हा क्रम पायी एका दिवसात करायचा तर आदिकेशवपर्यंत ई-रिक्षाने जाऊन तिथून दक्षिणेकडे चालत यावं, म्हणजे तेच घाट दोनदा तुडवावे लागत नाहीत. परतीला नमो घाटाच्या वरच्या रस्त्यावरून कँट स्टेशनकडे (वाराणसी जंक्शन) जाणाऱ्या सामायिक ई-रिक्षा मिळतात. मैदागिनला संध्याकाळी सहा ते आठ वाहतूक तुंबते, त्या वेळात गाडी पकडायची असेल तर नेहमीपेक्षा तासभर आधी निघा.